सवाई, दिढी आणि ई

वैशाखातली दुपार. लाइन गेलेली, कूलर मुका. भाची ओसरीत पालथी पडून बारावीचं गणित करत होती. "मामा, हा ई कुठून आला जी?"

तिच्या पुस्तकात जिवाणू होते. या धड्यात कायम जिवाणूच का दुप्पट होतात कोण जाणे. बोंडअळी चालली असती. आमच्या यवतमाळकडे ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

म्हटलं, व्याजातून आला. 1683 च्या सुमारास याकोब बर्नोली या स्विस गणितज्ञाला प्रश्न पडला होता. वर्षाला शंभर टक्के व्याज, म्हणजे एकाचे दोन. तेच व्याज सहा महिन्यांनी अर्धं अर्धं चढवलं तर? दीडाचं दीडपट, सव्वादोन. तीन महिन्यांनी पाव पाव चढवलं तर 2.44. दर महिन्याला 2.61, रोज 2.71. हप्ते कितीही बारीक करा, 2.71828 च्या आसपास गाडं अडतं. त्या आकड्याला ई हे अक्षर पुढच्या शतकात ऑयलरने दिलं.

सांगता सांगता वाटलं, अरे, ही तर आपली दिढी आणि सवाई! पेरणीला पोतंभर ज्वारी उचलायची, सुगीला दीड परत करायचं, ती दिढी. सव्वा परत करायचं, ती सवाई. बर्नोलीचे पहिले दोन हप्ते आमच्या गावातल्या कुणालाही तोंडी आले असते.

आबाजींनी आम्हाला पावकी, निमकीपासून औटकीपर्यंत, म्हणजे पाव, अर्ध्यापासून साडेतीनपर्यंतचे पाढे, सगळं घोकून घेतलं. थंडीत, कंदिलाजवळ, मधे उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं टोपलं. जो अडला त्याच्यापुढून टोपलं पुढच्याकडे सरकायचं. दीड एके दीड, दीड दुणे तीन, दीड त्रिक साडेचार. धाकटा काका औटकीला हमखास अडायचा आणि तरी त्याच्याच पुढ्यात सर्वांत जास्त टरफलं निघायची. हे कोडं आजवर सुटलेलं नाही.

दिडकीचा हा पाढा सरळ चालतो, दर पायरीला दीडच. दिढीची गत वेगळी: 1.5, 2.25, 3.38, 5.06. गंमत म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत पाढाच पुढे असतो, सहाला पाच. घेणाऱ्याला वाटणारच, की पाढ्यापेक्षा हे स्वस्त पडतंय. पाचव्याला पाढा साडेसात, दिढी 7.59. मग मात्र थांबायचं नाव नाही. दीड दाहे पंधरा; दहा सुगी थकलेली दिढी साडेसत्तावन्नपटीच्या वर. हा दुसरा पाढा आबाजींनी आमच्याकडून कधी म्हणून घेतला नाही. येत नव्हता म्हणून नसावं.

जुन्या स्मृतिकारांना तो चांगला ठाऊक होता. पैशाचं घेणं एकावेळी दामदुपटीपलीकडे जाऊ नये आणि धान्याचं पाचपटीपलीकडे नाही, असं बंधन त्यांनी घालून ठेवलं. दिढी चौथ्या सुगीलाच पाचपट ओलांडते. म्हणजे नियम पाळला तर तिथेच वही मिटायला हवी.

भाची म्हणाली, "मामा, थे पेपरात नाही येत." खरंय. तिने पुन्हा जिवाणू हाती घेतले.

आबाजींच्या वडलांनी एका कोरड्या सालात दिढीने ज्वारी उचलली होती. नाल्याकाठचं पाच एकर वावर त्यात गेलं. वावर घेणारं घर आता गावात नाही. लाइन येईपर्यंत मी भाचीच्याच वहीच्या मागच्या पानावर तो हिशोब मांडून पाहिला. दर माहीत आहे. किती सुगी थकल्या, तेही घरातल्या बोलण्यावरून साधारण धरता येतं. पहिल्यांदा किती पोती उचलली होती, तेवढं कुणी लिहून ठेवलं नाही.