पुन्हा कावीकडे

बँकेतली नोकरी सोडली आणि आधी चुन्याचं पोतं आणलं! पणजीत आल्तिनोला आर्ट कॉलेजात होते तेव्हापासून कावीचं वेड, मग लग्न, ईएमआय, ट्रान्सफर, सगळं राहूनच गेलं. कावी म्हणजे आपल्या गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर दिसतं ते लाल-पांढरं काम, चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेला लाल थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार सळीने खरवडायचा, की खालचा पांढरा उघडा पडतो. वाळलं की संपलं, म्हणून घाई आणि धीर दोन्ही एकदम लागतं आणि मला तेच भयंकर आवडतं. वेलबुट्टीचं वळण अजून जाड येतंय, पण काल मोर मस्त उतरला, पिसाऱ्यासकट! आई म्हणाली, तुळशीवृंदावनावर काढ. पाऊस गेला की लगेच घेणार करायला.