तुम्ही विचारलंत म्हणून: पुढे गेलेल्यांचे मागे राहिलेले कागद

इंडियानात राहणारी मराठी बाई तिथल्या ग्रंथालयाच्या वंशावळ विभागात हौसेने काम करते म्हटलं, की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "या लोकांकडे ना कुलवृत्तांत, ना तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या. दर पिढी बिऱ्हाड गाडीत घालून पश्चिमेला सरकलेली. मग अडीचशे वर्षांपूर्वीचं घराणं शोधतात तरी कसं?"

मी उत्तर देते ते लिंकन घराण्याच्या आधाराने. एक तर अब्राहम लिंकन सगळ्यांना माहीत आहे. दुसरं म्हणजे, हा शोध खुद्द त्यालाही पुरा करता आला नव्हता.

१८५९ साली त्याने स्वतःविषयी एक छोटं टिपण लिहून दिलं. त्यात तो म्हणतो, की आजोबा (त्यांचंही नाव अब्राहम) व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १७८१-८२च्या सुमारास केंटकीला आले आणि त्यांचे पूर्वज पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतले क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथाचे, होते. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्सकडच्या ईशान्य भागातल्या, लिंकनांशी नातं जुळतं का हेही पाहिलं गेलं, पण दोन्हीकडे लेव्ही, मॉर्डेकाय, अब्राहम अशी सारखी नावं आहेत, यापलीकडे काही हाती लागलं नाही. हे लिहिणारा माणूस पेशाने वकील होता, कागदपत्रांत मुरलेला होता, हे लक्षात घ्या.

घरातली माहिती तुटली कुठे, तेही कळतं. मे १७८६मध्ये केंटकीत शेतात काम करत असताना आजोबा मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. लिंकनचे वडील थॉमस तेव्हा आठ वर्षांचे होते आणि तिथेच होते. थोरला भाऊ मॉर्डेकाय याने झोपडीतून गोळी झाडली म्हणून ते वाचले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियात मोडत होतं आणि मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची, असा तिथला कायदा होता. तो कायदा १७८७च्या सुरुवातीला गेला, पण थॉमसला त्याचा उपयोग नव्हता. पोरगा मजुरी करत वाढला, जेमतेम सही करण्यापुरतं शिकला. आपले आजोबा कोण, कुठून आले, हे त्याला बसून सांगणारं कुणी उरलं नाही.

मग माग लागला कुठून? मागे राहिलेल्यांकडून. १८४८मध्ये लिंकन काँग्रेसचा सदस्य म्हणून वॉशिंग्टनला होता. तिथून त्याने व्हर्जिनियातल्या डेव्हिड लिंकन नावाच्या गृहस्थाशी पत्रव्यवहार केला. डेव्हिडचे वडील जेकब हे त्या आजोबांचे सख्खे भाऊ. ते तिथल्या शेनांडोआ खोऱ्यातली शेती सोडून कधी गेलेच नव्हते. डेव्हिडच्या पत्रानंतर लिंकनने लिहिलं, की तुमचे काका अब्राहम आणि माझे आजोबा एकच होते, यात आता शंका उरली नाही. हे पत्र मला फार आवडतं. एकोणचाळीस वर्षांचा माणूस आपल्या आजोबांची ओळख एका अनोळखी चुलत्याकडून पटवून घेतो आहे आणि त्याचा आनंद लपवत नाही. आमच्याकडे कुणी "आमचा पूर्वज पश्चिमेला आला आणि त्याच्या मागचं काहीच सापडत नाही" म्हणून येतं, तेव्हा मी आधी त्या पूर्वजाच्या न गेलेल्या भावंडांची चौकशी करायला सांगते. पुढे गेलेला माणूस कुऱ्हाड, बियाणं आणि भांडी घेऊन जातो. कागद मागे राहिलेल्यांच्या कपाटात असतात.

न्यू इंग्लंडचा दुवाही पुढे कागदांतूनच जुळला. सॅम्युअल लिंकन हा विणकराकडे उमेदवारी करणारा तरुण १६३७मध्ये इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आला. त्याच्या मॉर्डेकाय या मुलाने लोखंडाच्या धंद्यात जम बसवला. त्याचा मुलगा दुसरा मॉर्डेकाय. तो आधी न्यू जर्सीत आणि मग पेनसिल्व्हेनियात गेला, १७३६मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रात थोरला मुलगा जॉन याला न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन दिली आहे. हाच जॉन १७६८च्या सुमारास मुलाबाळांसह शेनांडोआ खोऱ्यात उतरला. तोच डेव्हिडचा आजोबा आणि लिंकनचा पणजोबा. पेनसिल्व्हेनियात बसून न्यू जर्सीची जमीन मुलाच्या नावे करणारं हे एक कलम नसतं, तर दोन प्रांतांतला मॉर्डेकाय एकच, हे ठरवायला फार जड गेलं असतं.

पण १७३६चा कागद बर्क्स काउंटीत शोधाल तर मिळायचा नाही, कारण ती काउंटीच १७५२मध्ये झाली. त्याआधी तो भाग फिलाडेल्फिया काउंटीत होता. थॉमस १८१६च्या डिसेंबरात इंडियानात उतरला ती पेरी काउंटी. १८१८मध्ये तीच जमीन स्पेन्सर काउंटीत गेली, थॉमस जागचा हललाही नाही. म्हणून नाव शोधण्याआधी त्या सालचा नकाशा काढायचा. नावाचा तरी काय भरवसा? आजोबांच्या केंटकीतल्या जमिनीच्या कागदावर आडनाव 'लिंकहॉर्न' असं लिहिलेलं आहे.

काउंटी चुकली की काय होतं, याचं वाईट उदाहरण याच घरात आहे. थॉमस आणि नॅन्सी हँक्स, म्हणजे लिंकनचे आईवडील, यांचं लग्न १२ जून १८०६ला झालं. संसार हार्डिन काउंटीत, म्हणून लोकांनी नोंद तिथे शोधली. ती मिळेना, तेव्हा नॅन्सीच्या चारित्र्यावर कुजबुज सुरू झाली आणि कित्येक वर्षं चालली. नोंद सापडली १८७८मध्ये, वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात, जिथे लग्न लागलं तिथे. तोवर लिंकन जाऊनही तेरा वर्षं झाली होती. एका बाईची अब्रू एका चुकीच्या दप्तराने इतकी वर्षं टांगून ठेवली, याचा मला अजूनही संताप येतो. लग्नाची नोंद शोधताना वधूच्या गावापासून सुरुवात करायची.

आता कुटुंबं हलत का होती? साहसाच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात. लिंकनने मात्र वडिलांनी केंटकी सोडण्याची दोन कारणं दिली: काही अंशी गुलामगिरी आणि मुख्यतः जमिनीच्या हक्काचे घोळ. केंटकीत ज्याने त्याने आपापली मोजणी करून घेतलेली. खतात चतुःसीमा म्हणून झाडं, झरे, ओढे. लिंकनचा जन्म झाला त्या शेताच्या १८०५च्या मोजणीची सुरुवात 'सिंकिंग स्प्रिंग' झऱ्याच्या वर तेरा पावलांवरच्या एका मोठ्या पांढऱ्या ओकपासून होते. तो ओक १९७६पर्यंत जिवंत होता. पण सगळ्या हद्दी इतक्या नशीबवान नव्हत्या. एकाच रानावर तिघांचे दावे निघत. थॉमसने मिल क्रीकला २३८ एकर म्हणून घेतलेली जमीन विकताना २०० एकर भरली. नॉब क्रीकला तर दुसऱ्याच्याच वारसांनी त्याच्यावर ताब्याचा दावा लावला.

ओहायो नदीपलीकडे इंडियानात सरकारने आधी चौकोनी मोजणी केलेली होती: सहा मैल बाजूची टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. थॉमसने ऑक्टोबर १८१७मध्ये व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत दोन डॉलर एकराने जमीन धरली आणि त्यातल्या ८० एकरांचा सरकारी पट्टा त्याला १८२७मध्ये मिळाला. तीन वर्षांनी हे घर पुन्हा हललं, बैलगाड्यांनी इलिनॉयला.

जनगणनेवर फार विसंबू नका. पहिली १७९०ची, पण केंटकीच्या पहिल्या दोन्ही गणनांचे कागद गहाळ आहेत आणि १८४०पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. त्या काळासाठी करवसुलीच्या याद्या बऱ्या.

एवढं सांगितलं की बहुतेकांचं समाधान होतं, पण माझं उत्तर इथे संपत नाही. जो ८० एकरांचा तुकडा सरकारने थॉमसला विकला, तो सरकारकडे आला कसा? १८०४मध्ये व्हिन्सेन्सला झालेल्या करारांनी. लेनापे, ज्यांना इंग्रज डेलावेअर म्हणत, आणि पियांकेशा या मूळ रहिवाशांच्या जमातींनी तो प्रदेश सोडून दिल्याचं त्यात लिहिलं आहे. हे लेनापे मूळचे डेलावेअर आणि स्कूलकिल नद्यांच्या खोऱ्यातले, म्हणजे दुसरा मॉर्डेकाय जिथे घर बांधून राहिला त्याच मुलखातले. तिथून ते ओहायोत ढकलले गेले, मग इंडियानात. ३ ऑक्टोबर १८१८च्या सेंट मेरीज करारात त्यांनी इंडियानाही सोडायचं कबूल केलं. त्यानंतर मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा. त्यांच्याही कुटुंबांचा प्रवास पश्चिमेकडेच झाला, आणि त्यातला प्रत्येक टप्पा करारांच्या तारखांवरून लावता येतो. म्हणून कुणी अभिमानाने खापरपणजोबांच्या इंडियानातल्या जमिनीचा पट्टा दाखवायला आणतं, तेव्हा मी त्याच टेबलावर त्या भागाचा करारही काढून ठेवते आणि दोन्ही आमच्यासमोरच वाचायला सांगते.