तुम्ही विचारलंत म्हणून: पुराचा जाब सरकारला का?

"पाऊस काय सरकारने पाडला? मग जाब कसला विचारता?" लग्नघरी, एसटीत, कुठेही भेटलेली माणसं मला हे विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

२२ जुलै २०२१, चिपळूण. पहाटे तीनच्या सुमाराला आईने हाक मारली तेव्हा स्वयंपाकघरात पाणी होतं. कागदपत्रं पिशवीत भरेपर्यंत ते गुडघ्याला लागलं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी आम्हाला वर घेतलं. दिवसभर खिडकीतून बुडालेली बाजारपेठ बघत बसलो. लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही. पाणी उतरलं तेव्हा घरात ढोपरभर चिखल. तो उपसताना मी रडले नाही. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातल्या पुस्तकांचा लगदा पाहिला आणि मग मात्र आवरलं नाही. २००५च्या पुरातून सावरलेलं ग्रंथालय ते.

पाऊस निसर्गाचाच, मान्य. पण आमची वाशिष्ठी नदी गाळाने उथळ झाली ती काय एका रात्रीत? पात्रात बेटं झाली, त्यांवर झाडं वाढली. २६ जुलै २००५ला गाव बुडाल्यावर मधे सोळा वर्षं होती. नदीकाठी भराव टाकणारे आपलेच लोक, हेही खरं. पण तो टाकू कोणी दिला?

कोयना धरणाचं पाणी वीज करून झाल्यावर कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीतच येतं. त्यामुळेच पूर आला असं मी म्हणत नाही. मी विचारते ते एवढंच, की त्या रात्री किती वाजता किती पाणी सोडलं आणि कोणी कोणाला कळवलं. खाली दाभोळ खाडीला भरती असली की नदीचं पाणी तुंबतं, आणि भरतीची वेळ तर आधीच ठाऊक असते. मग आमच्या गल्लीत भोंगा का वाजला नाही?

डिसेंबर २०२१मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं. त्यात मीही बसले. शेजारी बसलेल्या भाजीवाल्या मावशींची हातगाडीच वाहून गेली होती. "नुकसान गेलं गं, पण परत नको," एवढंच त्या म्हणायच्या. पुढे गाळ काढायला यंत्रं नदीत उतरली. ती उतरावीत म्हणून माणसांना उपाशी बसावं लागलं, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाकडे मी त्या रात्रीच्या नोंदवहीची प्रत मागितली. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला आणि तिथून पुन्हा पहिल्याकडे आला. मी अपील केलंय.

आई अजूनही जुलैत रात्री तीनला उठते, दार उघडून रस्ता बघते. त्या वहीत तीनच्या आधी कोणी काही लिहिलं होतं का, ते मला तिला सांगायचंय.