चार पोती आणि एक दाखल नोंदवही

मे अखेरच्या नवतपातली दुपार. नागपुरातल्या आमच्या लायब्ररीतला कूलर नुसता खडखडत होता. अशात दिघोरी नाक्याकडून एक टेम्पो आला. ब्रह्मपुरीकडच्या एका गावातलं कॉलेज बंद पडलं होतं, त्याची पुस्तकं आमच्याकडे भेट म्हणून येत होती. चार पोती, एक दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद असलेली वही, आणि सोबत तिथले शिपाईभाऊ.

माझं काम ठरलेलं. वाळवी लागलेलं बाजूला काढायचं, जुना दाखल क्रमांक खोडून नवा टाकायचा. शिक्क्यावर नुसतं ‘नागपूर विद्यापीठ’ होतं. विद्यापीठाच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आले 2005 साली, आणि 2011 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं गोंडवाना विद्यापीठाकडे गेली. यांचा शिक्का तोच.

“नवा बनवाले पैसे कुठं होते, मॅडम?”

मग मी पुस्तकांच्या मागे चिकटवलेल्या, परतीच्या तारखांच्या चिठ्ठ्या वाचायला लागले आणि काम तिथंच रेंगाळलं. फेब्रुवारी-मार्चला क्रमिक पुस्तकांवर तारखांची दाटी, ते कुठेही असतंच. पण जुलै-ऑगस्ट कोरे का? कॉलेज उशिरा भरायचं का, असं विचारलं तर भाऊ हसले.

“रोवण्यात कोण पुस्तक नेते? पोरी बांधीत, सर बी बांधीत.” रोवणा म्हणजे धानाची लावणी, बांधी म्हणजे धानाचं शेत.

दिवाळीनंतर मात्र नाटकांची पुस्तकं एकही जागेवर नसायची. मंडईची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि मग रात्रभर नाटक; पूर्व विदर्भातली झाडीपट्टीच ती. संवादांना पेन्सिलीच्या खुणा, एका समासात ‘इथं पडदा’, एका पानावर चहाचा गोल डाग. एरवी असलं पुस्तक मी दंड लावूनच परत घेतलं असतं. पुढे वडशाच्या व्यावसायिक नाटक कंपन्यांचा जोर वाढला, गावची हौशी मंडळी मागे पडली, आणि चिठ्ठ्यांवरच्या तारखाही विरळ झाल्या. अनुदान नव्हतं. पोरं एसटीचा पास काढून तालुक्याला जायला लागली.

नोंदवहीची शेवटची पानं वेगळ्याच अक्षरात होती, मोठ्या, बाळबोध. ग्रंथपाल सोडून गेल्यावर नोंदी भाऊच करत होते. पगार थकलेला असतानाही.

निघताना त्यांनी वहीवर हात ठेवला. “हे राहू देता का माझ्यापाशी?”

नियमाने वही पुस्तकांसोबत राहते. मी कोपऱ्यावर जाऊन झेरॉक्स काढून आणली, ती फाइलला लावली, आणि मूळ वही पिशवीत घालून भाऊ गणेशपेठ स्टँडकडे गेले.