'शेतकऱ्याचे नाव' दोन वेळा

मंगळवार, रात्री

आज फोल्डर उघडलं आणि नाव दिलं: चाळणी. आमच्या कोडमधल्या चुका चाळून काढणारं, टर्मिनलवर चालणारं छोटं हत्यार, खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. पायथॉनमध्येच लिहितेय, कारण तपासायचा कोडही पायथॉनचाच आणि कोडचं व्याकरण लावून त्याचं फांद्याफांद्यांचं झाड करून देणारं 'एएसटी' मॉड्यूल भाषेबरोबर आयतं मिळतं.

निमित्त एका रकान्याचं. तालुक्यातालुक्यांतून येणाऱ्या एक्सेलमध्ये 'शेतकऱ्याचे नाव' असा मथळा असतो. आमचा कोड तोच मथळा शोधतो, आणि काही फायलींत तो सापडतच नाही. दोन्ही शब्द स्क्रीनवर शेजारी ठेवले तरी तसूभर फरक दिसत नाही. फरक 'ऱ्या'च्या पोटात आहे. कुठल्या कळफलकावरून टाइप केलं त्यावर तो ठरतो: एका रीतीत खास ऱ (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक तक्त्यात क्रमांक यू+०९३१), मग हलन्त, मग य. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक (यू+२००डी), आणि मग य. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. दुसरी रीत जुन्या आवृत्तीतला मजकूर मोडू नये म्हणून ठेवलेली.

नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं, केलं की दोन्ही एक होतील असं कुणालाही वाटेल. होत नाहीत. त्याची नेहमीची रीत, एनएफसी, साधा र आणि नुक्ता यांचा ऱ करून देते, पण जोडकाला ती हात लावत नाही. म्हणजे पायथॉनच्या लेखी हे दोन वेगळे शब्द, लांबीसुद्धा एकाने कमीजास्त, आणि डिक्शनरी बिचारी खरंच सांगते की अशी किल्ली (की) माझ्याकडे नाही.

पहिला नियम ठरला. कोडमधल्या सगळ्या मराठी स्ट्रिंगा, म्हणजे अवतरणात लिहिलेला मजकूर, गोळा करायच्या, जोडकाचं रूप ऱ मध्ये बदलून पाहायचं, आणि बदलल्यावर ज्या एकसारख्या होतात पण मुळात वेगळ्या आहेत त्या जोड्या छापायच्या.

बुधवार

कोड तपासणाऱ्या हत्यारांचा मूळपुरुष म्हणजे बेल लॅब्समधलं लिंट. स्टीफन जॉन्सननी ते १९७० च्या दशकात सी भाषेसाठी लिहिलं. कंपायलरने झटपट भाषांतर करावं आणि संशय घेण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी सावकाश करावं, अशी ती वाटणी. मला ती अजूनही पटते. संशय घेणारा वेगळा असला की त्याच्यावर रागावणंही सोपं जातं.

दिवसभर एएसटीशी झुंज. झाड सुरेख मिळतं, पण कॉमेंट त्यात नसतात, आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन स्ट्रिंगा तिथे पोहोचेपर्यंत एक झालेल्या असतात. ही दुसरी गोष्ट आमच्याच कोडमध्ये पाहायला मिळाली. जिल्ह्यांची यादी आहे, एका ओळीत 'सातारा' नंतर स्वल्पविराम राहून गेलाय आणि पुढे 'सांगली'. पायथॉन एका शब्दाने तक्रार करत नाही. त्याने 'सातारासांगली' नावाचा जिल्हा वसवला. महाराष्ट्रात जिल्हे ३६, यादीत भरतात ३५.

झाडात पाहिलं तर तिथे एक निष्पाप स्ट्रिंग दिसते. म्हणून 'टोकनाइझ' मॉड्यूलही सोबत घेतलं. ते कच्चे तुकडे जसेच्या तसे देतं. पण दोन स्ट्रिंगा लागोपाठ दिसल्या की ओरडायचं, असंही चालत नाही. लांब निरोप कंसात दोन ओळींत तोडून लिहिणं ही रीतसर पद्धत आहे, सगळे तसंच लिहितात. त्यामुळे नियम असा: यादी किंवा तिच्यासारखेच टपल, सेट यांचा घटक असेल आणि त्याला स्वतःचा कंस नसेल, तरच बोलायचं. हा नियम मराठीपुरता नाहीच, पण मला तो सगळ्यात लाडका आहे.

गुरुवार

चूक शोधणं त्यामानाने सोपं होतं. ती कुठे आहे यावर नेमकं बोट ठेवण्यात आजचा दिवस गेला.

रिवाज जुना आहे: फाइल, विसर्गासारखं चिन्ह, ओळ, पुन्हा तेच, रकाना (ओळीतलं कितवं घर), मग निरोप. एवढा पाळला की कुठलाही एडिटर त्या जागी उडी मारतो. पण रकाना कशात मोजायचा? एएसटी यूटीएफ-८ च्या, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीच्या, बाइटांत मोजतं, टोकनाइझ युनिकोड चिन्हांत. इंग्रजी कोडमध्ये दोन्ही आकडे एकच येतात, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षं कुणाला खुपत नाही. ओळीत आधी 'नमस्कार' असू द्या. डोळ्यांना अक्षरं दिसतात चार, युनिकोड चिन्हं सात, बाइट एकवीस, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. पुढची चूक एएसटीच्या हिशेबाने १४ घरं उजवीकडे सरकते, आणि चाळणी भलत्याच शब्दावर आरोप करते.

शेवटी युनिकोड चिन्हं धरली. एडिटरशी बोलण्याचा जो सर्वसामान्य प्रोटोकॉल आहे तो यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत मोजतो, पण देवनागरीपुरता आकडा तोच येतो. फक्त इमोजी आली की गणित फिसकटतं. 'विम' या एडिटरला मात्र बाइटच हवे असतात. त्याच्यासाठी वेगळा पर्याय ठेवला आणि पुढे गेले.

चुकीच्या खाली टोपीसारखं चिन्ह काढायचा मोह होता. सोडून दिला. अनेक टर्मिनलांत वेलांट्या, जोडाक्षरं नीट बसतच नाहीत, मग खालचं चिन्ह कुणाच्या नावाखाली उभं राहील याचा नेम नाही. त्याऐवजी शब्द फोडून छापते: र · हलन्त · जोडक · य. असं उघडं करून दाखवलं की वाद उरत नाही.

ओळ ७९ अक्षरांपेक्षा लांब नको, हा पायथॉनवाल्यांचा शैलीचा नियम चाळणीत नाही आणि येणारही नाही. मराठी वाक्य डोळ्यांना आखूड दिसत असतानाच त्याची चिन्हं भरून जातात. ज्याने तो नियम केला त्याच्यासमोर 'शेतकऱ्यांच्यासाठी' हा शब्द नव्हता.

शुक्रवार, उशिरा

टीममधल्या मुलाला चालवायला दिलं. त्याचा पहिला प्रश्न: "ताई, हे सगळे न दिसणारे जोडक उडवूनच टाकूया ना? ते ट्रोजन सोर्सवालं प्रकरण होतं ना, त्यानंतर सगळेच पकडतात."

प्रकरण खरं आहे. केंब्रिजचे निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी १ नोव्हेंबर २०२१ रोजी दाखवून दिलं की उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषांसाठी असलेली दिशाबदलाची चिन्हं कॉमेंटमध्ये पेरली, तर वाचणाऱ्याला एक कोड दिसतो आणि कंपायलर दुसराच वाचतो. रस्ट या भाषेने त्याच दिवशी १.५६.१ ही आवृत्ती काढून ती चिन्हं अडवली. अशी चिन्हं नऊ आहेत. मराठीला त्यांतलं एकही लागत नाही, तेव्हा ती दिसली की चाळणी सरळ थांबवते, कारण विचारत नाही.

पण जोडक त्या टोळीतला नाही. न दिसणारं ते सगळं संशयास्पद, असं धरलं तर भारतीय भाषांतल्या अर्ध्या स्ट्रिंगा गुन्हेगार ठरतील. इथे मी डोमेन नावांच्या नियमांतून उसनवारी केली. २०१० च्या आरएफसी ५८९२ या इंटरनेटच्या नियमपत्रात सोपी अट आहे: जोडकाच्या लगेच आधी हलन्त असेल तर तो वैध. एवढ्या एका अटीवर भागतं. हलन्त ओळखायलाही कष्ट नाहीत. युनिकोडच्या तक्त्यात त्याचा जोडवर्ग ९ आहे. हलन्तामागून आलेला जोडक पास, इंग्रजी नावाच्या मध्ये घुसलेला नापास.

त्याला पटलं. मग म्हणाला, "पण मराठी नावाच्या फायली तर तुमचं हत्यार बघतच नाही." बघत नव्हतं खरं. गिट म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं हत्यार. प्रत्येक नोंदीआधी (कमिट) आपोआप चालणारी आमची हुक गिटकडून फायलींची नावं घेते, आणि गिट देवनागरी नावं अवतरणात घालून \३४०\२४४ अशा अष्टमान आकड्यांत देतं. त्या नावाची फाइल डिस्कवर कुठून असणार? यादी मागताना 'झेड' पर्याय लावला की नावं कच्ची येतात. पोरगं हुशार आहे, सांगितलं नाही त्याला.

शनिवार

सगळ्या जुन्या कोडवर चालवलं आणि टर्मिनल वाहून गेलं. असं झालं की माणसं पहिल्या दिवशी हसतात आणि दुसऱ्या दिवशी हुक बंद करतात. म्हणून जुने खडे, म्हणजे आधीच्या चुका, एका फायलीत नोंदवून ठेवले; नवा सापडला तरच चाळणी बाहेर पडताना १ हा आकडा देते, नाहीतर ०. आणि चाळणीच कोसळली तर २, म्हणजे 'चूक सापडली' आणि 'तपासताच आलं नाही' यांची गल्लत होत नाही. निरोप एका वाटेने, स्वतःच्या तक्रारी दुसऱ्या वाटेने.

मग स्वाभाविक मागणी: सापडलेलं आपोआप दुरुस्तही करून दे. तासभर लिहिलंही. र, हलन्त, जोडक काढायचे, ऱ आणि हलन्त घालायचे, एका ओळीचं काम. आणि मग पुसून टाकलं. कोडमधला मथळा सुधारला, पण येणाऱ्या एक्सेलांत काही ठिकाणी जोडकवालंच रूप आहे. आजवर त्या फायली जुळत होत्या, उद्यापासून त्या जुळणार नाहीत. आज जे तालुके रडताहेत ते हसतील आणि हसणारे रडतील, एवढाच फरक.

दुरुस्ती कोडच्या स्ट्रिंगेत नाही, दारात हवी. बाहेरून आलेला प्रत्येक मजकूर आत येताना एकाच रूपात आणायचा, आणि कोडमधल्या किल्ल्या त्याच रूपात लिहायच्या. ते फंक्शन लिहून झालंय. चाळणीचा पुढचा नियम हा, की एक्सेल वाचणाऱ्या फंक्शनला मारलेली हाक जिथे जिथे आहे तिथे तिच्यामागून हे फंक्शन लागलंय का ते बघायचं. यासाठी झाड पुरतं, टोकनांची गरज नाही. तीन फायलींत हाक एका मदतनीस फंक्शनच्या आड दडलेली आहे, तिथपर्यंत कसं पोहोचायचं ते सोमवारी बघते.