वीस रुपयांचं इंजेक्शन आणि अमेरिका

"वीस रुपयांचा इंजेक्शन, तेका अमेरिका कित्याक व्हयी?" गणपतीला आलेला चाकरमानी विचारतो, एसटीत शेजारी बसलेली विचारते. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये परदेशी मदत रोखली, 1 जुलैला यूएसएडला, म्हणजे ती मदत वाटणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेला, टाळंच लावलं. त्यामुळे आफ्रिकेतल्या बाळंतिणी रक्तस्रावाने मरणार असं म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

ऑक्सिटोसिन, म्हणजे ते इंजेक्शन, स्वस्त आहे, कबूल. बाळ बाहेर आलं की मिनिटाच्या आत 10 युनिट मांडीत टोचायचं. गर्भपिशवी आवळते, रक्त आटोक्यात राहतं. पण ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. पावसाळ्यात झाड तारांवर पडून दोन दिवस वीज गेली की फ्रिजचं काय होतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. आपल्या आरोग्य केंद्रात जनरेटर लागतो, कारण डिझेलचं बिल कुणीतरी भरतं. उष्णतेत राहिलेली कुपी दिसायला तशीच, पाण्यासारखी स्वच्छ. टोचली तरी पिशवी मऊच, आणि सिस्टर बिचारी डोस कमी पडला म्हणून दुसरी फोडते.

आता बाळंतपणानंतरचा तो एक तास बघा. वार पडली, तरी अंगावरून जातंय. बाईच्या खाली मापाचं प्लास्टिक हवं, मिलिलिटरच्या रेषा असलेलं. 300 वर रक्त गेलं आणि नाडी धावत असेल तर हालचाल सुरू. 500 झालं तर नाडीचीही वाट बघायची नाही. पोटावरून पिशवी चोळायची, ऑक्सिटोसिन, सलाईन, रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून, आणि वारेचा तुकडा राहिलाय का, कुठे फाटलंय का, ही तपासणी. सगळं एका दमात. एक करून बघू, मग दुसरं, असं नाही. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेत हे करून बघितलं. 2023 मध्ये निष्कर्ष आले: जिवावर बेतणारा रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया आणि मृत्यू मिळून 60 टक्क्यांनी कमी.

ते प्लास्टिक नसेल तर चादर भिजत राहते. नजरेला रक्त नेहमी कमीच वाटतं. सिस्टर एकटी, शेजारच्या टेबलावर दुसरी अडलेली. ट्रॅनेक्झॅमिकला दर 15 मिनिटं उशीर झाला की फायदा सुमारे 10 टक्क्यांनी घटतो, तीन तासांनंतर काहीच नाही. आधीच रक्त कमी असलेली बाई दोन तासांतही जाते. म्हणजे आता गाडी हवी, गाडीत डिझेल हवं, पुढे रक्त हवं. आपण 108 लावतो आणि घाटाला शिव्या घालतो. तिकडे कित्येक ठिकाणी त्या सिस्टरचा पगार, ते डिझेल, साठा मोजणारा कारकून, सगळं मदतीच्या पैशातलं. कुपी अजूनही कपाटात असेल.

ऑक्सिटोसिनसारखंच, पण उष्णता सोसणारं कार्बेटोसिन आहे, 100 मायक्रोग्रॅम, 30 अंशांत टिकतं. आहे खरं. टोचणार कोण?

मी अमेरिकेची वकिली करत नाहीये. मदत म्हणजे पांगुळगाडा, असं पूर्वी मीच तावातावाने सांगायचे, आणि त्यात खोटं काय होतं? 2001 मध्ये नायजेरियातल्या अबुजाला आफ्रिकी सरकारांनी बजेटचे 15 टक्के आरोग्यावर घालायचं कबूल केलं. बहुतेकांनी घातले नाहीत. मदतवाल्यांनीही आपली गोदामं वेगळी, गाड्या वेगळ्या ठेवल्या, म्हणून एका आदेशाने सगळं ठप्प झालं. आपल्याकडे दवाखान्यातल्या बाळंतपणासाठीची जननी सुरक्षा योजना केंद्र आणि राज्याच्या तिजोरीतून चालते. महाराष्ट्रात 2018-20 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 33 माता गेल्या. नायजेरियात 2023 चा अंदाज 993. पण पांगुळगाडा पोर चालत असताना ओढून घेतात का? आणि नाहीतर कधी काढायचा? चोवीस वर्षं होती की हातात. इथे माझं माझ्याशीच अजून भांडण आहे.

एवढंच की हा हिशोब फक्त पैशांचा म्हणू नका. बेल्जियममध्ये गेल इथल्या गोदामात सुमारे 97 लाख डॉलरची, अमेरिकी मदतीतली गर्भनिरोधकं अडकली, त्यातली बरीचशी आफ्रिकेत जायची होती. नको असताना राहिलेला गर्भही बाईला मारतोच. जुलै 2025 मध्ये अमेरिकेने तो साठा जाळायचं ठरवलं. पैसे आधीच भरून झाले होते.