चांदीच्या पादुका आणि रिकामं थडगं

माउलींच्या पालखीबरोबर पंढरीच्या वारीत चालत होतो. वेळापूरचा धावा झाला, ठाकूरबुवांच्या समाधीजवळचं रिंगणही पाहिलं. पण माझ्या लक्षात राहिली ती तोंडले-बोंडल्याच्या अलीकडची दुपार. दोन्ही तळव्यांना फोड, सोलापुरात घेतलेले नवे बूट गळ्यात, आणि मागचा टाळकरी अगदी कानाशी टाळ कुटतोय. देवाला कमी ऐकू येतं का, असं मनात येऊन गेलं.

बाभळीखाली टेकलो. शेजारच्या म्हातारीनं न विचारता माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढू लागलो तर म्हणाली, "गप बस, माउली." सुईत दोरा ओवला, खोबरेलात बुडवला, फोडातून आरपार काढला आणि टोकं बाहेर ठेवून तोडला. "कातडं सोलू नगंस. पानी आपसूक जातंय." दुसरा पाय झाल्यावर नाव विचारलं. मी सांगितलं.

"किरिस्ताव व्हय? तुमच्यात पालखी नसती?"

आमचं घर मिशनच्या वळणाचं, प्रोटेस्टंट. येशूचं थडगं रिकामं म्हणून तर आपला विश्वास, हे लहानपणापासून ऐकलेलं. 1552 साली वारलेल्या कॅथलिक संत झेवियरचा देह जुन्या गोव्यात आणि उजव्या हाताचा तुकडा 1614 पासून रोमला, हे सांगताना आजोबा हसायचे. क्रुसाचं म्हणून दाखवतात ते लाकूड गोळा केलं तर जहाज भरेल, असं प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिननं 1543 मध्ये लिहिलं. हा विनोद आमच्या देवळात अजून चालतो. पण अलीशा संदेष्ट्याच्या हाडांना लागून मेलेला माणूस उठला, प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल ठेवले की रोगी बरे झाले, हेही आमच्याच शास्त्रात आहे. त्यावर उपदेश क्वचित. लोक पुजू लागले म्हणून हिज्कीया राजानं पितळी साप फोडला, त्यावर मात्र पुन्हा पुन्हा.

"काही जण संतांचे अवशेष ठेवतात, आम्ही नाही," म्हटलं. मग राहवेना. "पण आजी, पालखीतल्या पादुका चांदीच्या. माउलींनी घातलेल्या थोड्याच?"

"घातल्याल्या असत्या तर मी जास्त चालले असते व्हय?"

मी गप्प. कॅथलिकांशी आमचं निम्मं भांडण खरं की खोटं यावरच चाललंय, आणि हिला तो प्रश्नच पडत नाही. तरी पटलं नाही, अजूनही पटत नाही. गोव्यातली रांग देह खरा मानूनच लागते. आणि येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवून बाई बरी झाली, तेव्हा तो म्हणाला, तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं. पुढे त्याच्या कपड्यांवर शिपायांनी क्रुसाखाली चिठ्ठ्या टाकल्या. ते परत मागायला कुणी शिष्य गेल्याचं शुभवर्तमानात नाही.

पुढं टप्पा म्हणतात त्या ठिकाणी सोपानकाकांची पालखी भेटली. रेटारेटीत कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं, शिवी ओठावर आली. माझा माळकरी मित्र पादुकांवर डोकं टेकवून आला, चेहरा भिजलेला. मी गेलो नाही. त्याचा हेवा मात्र वाटला.

भंडीशेगावात टँकरपुढं ही रांग, आणि मध्ये घुसणारे सगळे तुळशीमाळवाले.